एक अंगावर, एक दांडीवर

आजीच्या कपड्यांची मोजदाद एका वाक्यात संपायची. "एक अंगावर, एक दांडीवर." तिसरं लुगडं पेटीत, लग्नकार्यापुरतं. धुळे तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा बहुतेक घरांचा हाच हिशेब होता. पावसाळ्यात दांडीवरचं लुगडं दोन-दोन दिवस वाळायचं नाही, मग ती ते चुलीच्या उबेला धरायची आणि दमटच नेसायची. तिच्या अंगाला येणारा तो धुराचा वास मला अजून आठवतो.

कमी कपड्यांविषयी ही टिपणं काढताना आजीला आदर्श म्हणून पुढे करायचा मोह होतो. तो मी टाळते. तिला निवड करता येत नव्हती, मला येते. गांधीजींनी आत्मकथेत चंपारणची हकिकत सांगितली आहे. कस्तुरबा एका खेड्यातल्या बायकांना विचारायला गेल्या, की तुम्ही लुगडी का धूत नाही? एकीने त्यांना झोपडीत नेलं आणि दाखवलं, की पेटी नाही, कपाट नाही, अंगावरची साडी तेवढी आहे. ती धुवायला काढली तर नेसू काय? जळगावच्या गांधी तीर्थात चरख्यांसमोर उभी राहिले की मला ती बाई आठवते, आणि मग आजी.

⁂

दिवाळीआधी कपाट उपसलं. साड्या ६३ निघाल्या. त्यांतल्या मी खरोखर नेसते त्या ११. उरलेल्या ५२ पैकी ३८ आहेराच्या.

⁂

आहेरावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण खान्देशात कपाट भरतं ते बाजारात जाऊन नव्हे, आहेरानेच.

साखरपुडा, लग्न, डोहाळजेवण, जावळ, वास्तुशांत, दहावं. बायकांना साडी, निदान ब्लाउजपीस, पुरुषांना टॉवेल-टोपी. दुःखाच्या घरीसुद्धा टॉवेल-टोपी चुकत नाही. दुकानात आहेराच्या साड्यांचा गठ्ठा वेगळाच असतो. गिऱ्हाईक साडी उलगडूनही बघत नाही. किती नग आणि कितीची, एवढंच बोलणं होतं. ज्या घरी ती जाते तिथेही कोणी घडी मोडत नाही. पुढच्या लग्नात ती पुढच्या घरी जाते. एकदा मी पिशवीच्या कोपऱ्यावर पेनाने बारीक फुली केली होती, कोणाला कोणती द्यायची त्याची खूण म्हणून. चार वर्षांनी ती फुली परत माझ्या ओटीत आली. साडी तशीच, पिनसुद्धा काढलेली नव्हती.

यातला बहुतेक माल सुरतेचा. आणि सुरत आम्हाला परकी नाही. ताप्ती व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरतेहून खान्देशात आली, तेव्हापासून माणसांची आणि मालाची जा-ये त्याच रुळांवरून चालू आहे. उधना, लिंबायत या भागांत गल्लीच्या गल्ल्या खान्देशी बोलतात. शेत पुरेना म्हणून अमळनेर-शिंदखेड्याकडची पोरं तिथे मागावर बारा-बारा तास उभी राहतात. म्हणजे आमच्याच गावचा मुलगा तिकडे कानठळ्या बसवणाऱ्या खोलीत कापड विणतो, ते इकडे येतं, आणि अंगाला न लागता या घरून त्या घरी फिरत राहतं. ती साडी हातात घेतली की मला त्या मुलाच्या श्रमांचं वाईट वाटतं. कापड नेसण्यासाठी विणलेलं असतं. ते नेसलंच गेलं नाही तर विणणाऱ्याचा दिवस वाया गेला, असं मी मानते.

आहेर बंद करा, असं मी म्हणणार नाही. देण्यामागे नातं आहे. पण काय द्यायचं, ते बदलता येतं. त्याबद्दल पुढे.

⁂

एक हिशेब. क्विंटलभर कपाशी जिनिंगमध्ये गेली की साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. सूतगिरणीतली तूट धरली तर हाती तीसेक किलो सूत येतं. एका शर्टाला पाव किलोच्या आत-बाहेर कापड लागतं. म्हणजे एका क्विंटलमध्ये शंभरेक शर्ट. शेतकऱ्याला त्या क्विंटलचा काय भाव मिळाला हे आठवा, आणि मग दुकानातल्या एका शर्टाच्या किमतीचं लेबल बघा. ज्या जिल्ह्यात घराघरांत कपाशी वेचायला गेलेल्या बायका आहेत, बोंडाच्या टोकांनी चिरलेली बोटं आहेत, तिथे आपण कापूस सोडून प्लास्टिकचा धागा अंगावर घालतो, हे मला मनापासून लागतं.

⁂

भाची शिरपूरहून नोकरीसाठी जळगावला आली. सीएच्या ऑफिसात काम, पहिला पगार महिनाभराने. "मावशी, मला कॅप्सूल वॉर्डरोब करायचाय," म्हणाली. शब्द तिने मोबाइलवरून उचललेला. मी शोधून वाचलं. १९७० च्या दशकात लंडनमध्ये सूझी फॉ नावाच्या दुकानदार बाईंनी ही कल्पना रुजवली: मोजकेच, चांगल्या कापडाचे, एकमेकांवर जाणारे कपडे. १९८५ मध्ये अमेरिकेत डोना करन यांनी नोकरदार बायकांसाठी असे सात कपडे बाजारात आणले. कल्पना चांगली आहे. फक्त त्यांचे सात आपल्याला चालायचे नाहीत. आपलं ऊन वेगळं, आपली घरं वेगळी.

तिच्याकडे चार हजार होते. आम्ही फुले मार्केटला गेलो, तयार ड्रेसच्या माळा ओलांडून सरळ तागेवाल्याकडे. चार कुर्त्यांचं सुती कापड, अडीच मीटरप्रमाणे दहा मीटर, दीडशे रुपये मीटरचं: १,५००. शिलाई आमच्या कॉलनीतल्या ताईंकडे, तीनशेप्रमाणे १,२००. दोन सरळ पँट, एक काळपट निळी, एक मोतिया: ७००. दोन ओढण्या: ३००. झाले ३,७००. चारही कुर्ते दोन्ही पँटवर जातात, म्हणजे आठ जोड. उरलेल्या तीनशेत तिने चांगली छत्री घेतली, आणि ते मला फार आवडलं.

शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर बादलीत भिजवलं. कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. ते शिवल्यावर आटलं तर कुर्ता काखेत धरतो आणि मुलगी तो घालायचं सोडून देते. कपड्यांचा निम्मा पसारा असाच, थोडक्यासाठी न बसणाऱ्या कपड्यांचा असतो.

ताईंना एवढंच सांगितलं: "दोन्ही बाजूंना इंचभर माया सोडा."

⁂

माया. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आपल्याकडे हा शब्द आहे. तयार कपड्यात माया नसते. कापड वाचवायला ती छाटूनच टाकलेली असते. म्हणून तयार कपडा एकाच मापाला आणि एकाच वर्षाला बांधलेला असतो. अंग भरलं की तो गेला. माया असलेला कपडा दोनदा, तीनदा उसवून सैल करता येतो.

⁂

धुळ्याला पाचकंदीलजवळ माझ्या माहेरचे शिंपीकाका बसतात. भिंतीवर नामदेव महाराजांची तसबीर, खाली पायाचं मशीन. त्यांच्यासमोर कापड ठेवलं की ते चष्मा काढून बाजूला ठेवतात. "कापड डोयाघाई नही, हातघाई दखनं पडस," त्यांचं पहिलं वाक्य. डोळ्यांनी नाही, हातांनी बघायचं. मग कापडाचा कोपरा मुठीत घट्ट चुरगाळतात, दहा आकडे मोजतात, सोडतात. सुती असेल तर सुरकुती राहते. तसूभरही राहिली नाही तर आत पॉलिस्टर आहे. खात्री हवी असली तर कडेचे दोन धागे काढून काडीने पेटवतात. कापूस कागदासारखा जळतो, वास कागदाचा येतो, राख बोटात विरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं, आणि काळा टणक मणी उरतो. मग कापड उजेडासमोर धरून वीण बघतात, आणि शेवटी दोन्ही अंगठ्यांनी शिवणीजवळ ताणतात, धागे सरकतात का ते पाहायला.

जळगावात सोनं कसोटीवर उतरल्याशिवाय कोणी घेत नाही. कापडाला दोन मिनिटं द्यायला मात्र वेळ नसतो. त्या दोन मिनिटांना पैसे पडत नाहीत. दीडशेच्या कापडालाही ती देता येतात.

⁂

मे महिना. पारा ४५ च्या वर. सुती धागा स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओल धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून त्यात घाम कापडात न जाता अंगावरच राहतो. आमच्या घरी एके काळी टेरिलीनचा मोठा मान होता. इस्त्री लागत नाही, फाटत नाही, लग्नात मिरवायला चकाकतं. माझे काका लग्नात टेरिलीनचा सूट घालून भर वैशाखात मांडवात बसले होते. त्यांच्या मानेवर घामोळ्याचा लाल पट्टा आला होता.

इथल्या बायकांच्या कपाटात उन्हाळ्याचा एक कपडा हमखास सापडतो, जो फॅशनच्या कुठल्याही यादीत नाही: सनकोट. पांढरा, सुती, लांब बाह्यांचा, गाडीवर बसताना वरून चढवायचा. जोडीला तोंडाला बांधायचा मोठा स्कार्फ. माझा सनकोट नऊ वर्षांचा आहे. दोनदा खिसे बदलले. मी रोज सर्वांत जास्त वेळ घालते तो कपडा हाच, आणि तो सर्वांत स्वस्तात पडलेला आहे.

डिसेंबरात धुळ्याला पहाटे दात वाजतात. त्यालाही स्वेटर एक पुरतो, आणि खाली दोन सुती थर.

⁂

आप्पा, माझे सासरे, यांचे सदरे चार. चारही पांढरे, एकाच पोताचे, एकाच शिंप्याकडचे. दर दिवाळीला दोन नवे शिवायचे आणि सर्वांत जुने दोन शेतात घालायला काढायचे. शेतातले विरले की पुसायला. तीस वर्षं हा क्रम चालला. सकाळी काय घालू, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. पण त्यांच्याकडे साधेपणा होता तसाच काटेकोरपणाही होता: खळ पातळच हवी, कॉलरला दोन टिपा हव्यात, बटणं शिंपल्यासारखी, आणि वरच्या खिशाची खोली डायरीच्या मापाची. कॉलर झिजली की ते ती उसवून उलटी लावून घ्यायचे, आणि सदरा आणखी एक वर्ष जायचा.

पांढरा रंग मात्र मी कोणाला सुचवत नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, क्षारांचं. पांढऱ्यावर दोन वर्षांत पिवळट छटा चढते. आप्पांच्या सदऱ्यांमागे सासूबाईंचे हात होते, नीळ होती, दर रविवारी सोड्याचं गरम पाणी होतं. ते श्रम कोण करणार, हे ठरल्याशिवाय पांढरं घेऊ नये.

⁂

प्रतिभाताई पाटील. जन्म जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावचा, १९३४. कॉलेज मूळजी जेठा. १९६२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी आमदार, २००७ ते २०१२ राष्ट्रपती. मुंबईची विधानसभा असो की राष्ट्रपती भवन, वेष एकच: साडी, डोक्यावर पदर, लांब बाह्यांचा ब्लाउज. त्या वेषाबद्दल मतं वेगवेगळी आहेत, पदराबद्दल तर आहेतच. मला त्यात दिसतो तो एक पक्का निर्णय. एकदा आपली धाटणी ठरवली की पुढची पन्नास वर्षं कपडे हा विषय मनातून निघतो आणि कामाला जागा होते. आणि साडीला माप नसतं. साडेपाच मीटर कापड लग्नाआधी, बाळंतपणानंतर, साठीत, तेच. आईची साडी लेकीला होते. चांगली कापडं विकणाऱ्या कुठल्याही कंपनीला हे जमलेलं नाही.

⁂

रंगांची नावं लिहून ठेवते, नाहीतर विसरली जातील. आमसुली, अंजिरी, पारवा, मोतिया, डाळिंबी, राखी, गव्हाळ, विटकरी, वांगी. मोजक्या कपड्यांना हेच रंग बरे. एकमेकांशी भांडत नाहीत, काळ्या मातीची धूळ लपवतात, आणि उन्हात विटले तरी वाईट दिसत नाहीत. भडक गुलाबी विटला की कपडा म्हातारा दिसतो. विटकरी विटला की वेगळाच रंग होतो, आणि तोही चालतो.

⁂

अमळनेर. प्रताप शेठजींच्या गिरणीच्या पैशातून तिथे १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. साने गुरुजी त्यासाठीच अमळनेरला आले आणि १९२४ पासून तिथल्या शाळेत शिकवू लागले. वसतिगृहात ते मुलांच्या खोल्या झाडायचे, मुलांचे कपडे धुवायचे. खादीशिवाय दुसरं वस्त्र नाही, अशा माणसाने दुसऱ्यांचे कपडे धुवावेत! मी शाळेत हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा घरी येऊन माझा युनिफॉर्म स्वतः धुतला होता.

फैजपूर. डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबू आणि तिथल्याच साध्या वस्तूंनी नगर सजवलं. जवळचं, साधं साहित्य घेऊन केलेलं काम किती देखणं होतं, याचा हा खान्देशातला पुरावा.

जळगाव. स्टेशनजवळच्या खान्देश मिलच्या जागेवर आज खान्देश सेंट्रल आहे. जिथे कापड निघायचं तिथे आता कपडे विकले जातात.

⁂

धुळ्याला सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन महामार्ग एकमेकांना कापतात. पश्चिमेला सुरत, चकचकीत आणि स्वस्त. आग्रा रोडने उत्तरेला सातपुडा ओलांडला की नर्मदेकाठी महेश्वर, अहिल्याबाईंच्या काळापासूनचे माग. दक्षिणेला मालेगाव ओलांडलं की येवला, पैठणीचं. आपण या चौकात राहतो. माझी एक माहेश्वरी एकोणीस वर्षांची आहे. जरीच्या घड्या दर सहा महिन्यांनी बदलते, मलमलच्या फडक्यात ठेवते, सोबत कडुनिंबाचा वाळला पाला. तिच्या पैशांत तेव्हा आहेराच्या सात-आठ साड्या आल्या असत्या.

⁂

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत जायचे कपडे वेगळे असतात. केळीचा चीक लागला की आधी काही दिसत नाही. वाळल्यावर तपकिरी-काळा डाग उमटतो आणि तो कशानेही निघत नाही. चुलत दिरांच्या घरी बागेच्या शर्टाची एक खुंटीच निराळी आहे. त्या खुंटीवर नवा कपडा कधी येत नाही. घरातल्या प्रत्येक शर्टाचा तो शेवटून दुसरा मुक्काम.

आजीच्या लुगड्यांचेही मुक्काम होते. आधी सणाचं, मग रोजचं, मग विरल्यावर मऊ झालेला भाग नातवंडाच्या झबल्याला आणि दुपट्याला, मग गोधडीच्या पोटात, मग पोतेरं. माझ्या लेकीच्या बारशाला मिळालेली नवीन झबली टोचायची. तिला झोप लागायची ती पणजीच्या लुगड्याच्या दुपट्यात. ते लुगडं ४० वर्षं जुनं होतं. बोहारणीला भांड्यांवर घालण्याजोगं त्यात काही उरलेलंच नव्हतं.

⁂

आईचा एक ब्लाउज शिंपीकाकांकडे नेला. आमसुली, टू बाय टूचा, १९८० च्या आसपासचा. मला दंडात घट्ट होत होता. त्यांनी दिव्याखाली धरून ब्लेडच्या टोकाने एकेक टाका कापला. शिवण उघडली, आत दुमडलेली माया बाहेर आली. बाहेरचा ब्लाउज विटून फिक्या करवंदासारखा झालेला, आणि आतली ती बोटभर पट्टी गर्द आमसुली, दुकानातून आणल्या दिवशीसारखी. हा रंग असा होता हे मी विसरले होते. टाकेही आईचेच होते, हाताने घातलेले, सगळे सारख्या लांबीचे. काकांनी ते दोरे काढून टाकले नाहीत, माझ्या तळहातावर ठेवले. मग म्हणाले, आता ब्लाउजवर पट्टा दिसेल, दोन रंगांचा, चालेल का? चालेल म्हटलं.

⁂

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. नणंद पारोळ्याहून येईल, चार दिवस राहील. दर वर्षी तिला साडी देते, आणि दर वर्षी ती साडी तिच्याकडच्या गठ्ठ्यात जाते, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. यंदा फोन करून सरळ विचारलं, "अक्का, तुमच्या कपाटात खरंच काय कमी आहे?"

क्षणभर गप्प. मग म्हणाली, "माले साडी नको. दोन सुती परकर दे. बजारमा आते बठ्ठा सॅटिनना मियतस, पायले चिकटतस."

आज फुले मार्केटमधून पॉपलिन आणलं. एक मोतिया, एक राखी, सव्वादोन-सव्वादोन मीटर. काकांच्या पद्धतीने मुठीत चुरगाळून बघितलं, सुरकुती राहिली. दोन्ही आता बादलीत भिजत टाकली आहेत. उद्या वाळली की ताईंकडे देते. नेफा रुंद हवा, अक्काला नाडी जाड लागते.